टपलची टपली

मी कॉन्व्हेंटवाला. मराठीत अभ्यासाचा लेख पहिल्यांदाच लिहितोय, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या.

मागच्या सेमिस्टरला होस्टेलच्या मेसचं बिल काढायचं काम माझ्याकडे आलं. मी पायथनमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहिला. नाश्ता, दुपारचं जेवण आणि रात्रीचं जेवण यांचे दर एका लिस्टमध्ये ठेवले (टाइप करताना आकडे इंग्रजीच घाला) :

दर = [२०, ४०, ४०]

१ तारखेला फीस्ट होती. त्या एका रात्रीपुरता दर ६०. म्हणून मी लिहिलं :

नवे = दर
नवे[२] = ६०

(मोजणी शून्यापासून, म्हणून २ म्हणजे तिसरा.) मला वाटलं, जुनी यादी शाबूत आहे. कसली शाबूत! 'नवे' आणि 'दर' ही एकाच लिस्टची दोन नावं होती. कॉपी झालीच नव्हती. उरलेल्या २९ रात्रीही ६० नेच लागल्या. प्रत्येकाला ५८० रुपये जादा! माझ्या रूम पार्टनरने काही न बोलता घरून पैसे मागवले. हे मला नंतर कळलं, तेव्हा जेवण गेलं नाही.

उपाय साधा होता. चौकोनी कंसाऐवजी गोल कंस, म्हणजे टपल :

दर = (२०, ४०, ४०)

आता त्यातला आकडा बदलायला गेलात, तर पायथन 'टाइपएरर' देऊन तिथेच थांबतो. चुकीच्या बिलापेक्षा थांबलेला प्रोग्रॅम कधीही बरा. वेगळा दर हवा असेल तर नवा टपल बनवायचा, जुना तसाच राहतो :

नवे = दर[:२] + (६०,)

६० नंतरचा स्वल्पविराम विसरू नका. नुसतं (६०) म्हणजे टपल नव्हे, साधा आकडा.

आणखी दोन गोष्टी. डिक्शनरीत लिस्ट 'की' म्हणून चालत नाही, पण खोली नंबर आणि तारीख यांचा टपल चालतो. मात्र टपलच्या आत लिस्ट ठेवलीत, तर ती आतली लिस्ट बदलता येते, आणि मग तो टपल 'की' म्हणूनही चालत नाही.

थोडक्यात, जे वाढणार-घटणार ते लिस्टमध्ये, जे ठरलंय ते टपलमध्ये.

पुढच्या बिलात सगळ्यांचे ५८० वळते केले. पार्टनरला सॉरी म्हणालो, तर त्याने डोक्यात एक टपली मारली. म्हणाला, "अरे, आता लक्षात राहील!"

राहिलंय.