गवंडीकामाचें शिक्षण व आमचे तरुण

सकाळीं नागपुरांतील एखाद्या मोठ्या चौकांतून जातांना रस्त्याच्या कडेस कामाची वाट पाहणाऱ्या स्त्री-पुरुषांचा घोळका दिसतो. यालाच आपल्या शहरांत ठिय्या म्हणतात. त्यांत गवंडी असतात व बिगारीही असतात. दोघेही एकाच उन्हांत राबतात. परंतु गवंड्याची मजुरी अधिक व त्याचा मानही अधिक. या दोघांमधील अंतर शक्तीचें नाहीं, शिक्षणाचें आहे. विद्यार्थी मित्रहो, तें शिक्षण कोणतें, व आपल्या शहरांतील बेकार तरुणांस तें कसें देतां येईल, याचा येथें थोडा विचार करूं.

गवंडीकाम म्हणजे निव्वळ अंगमेहनत, असा पुष्कळांचा समज आहे. पण गवंड्याचीं हत्यारें पाहिलीं म्हणजे तो दूर होतो. भिंत उभ्या रेषेंत आहे कीं नाहीं हें ओळंबा दाखवितो. थर समपातळींत आहे कीं नाहीं हें पाणसळ सांगते. गुण्यानें काटकोन पाहतात. घराच्या पायाची आंखणी करतांना मात्र गुण्या अपुरा पडतो. तेव्हां कोपऱ्यापासून एका दोरीवर ३ फूट व दुसरीवर ४ फूट मोजून खुणा करतात, आणि त्या खुणांमधील तिरकस अंतर बरोबर ५ फूट भरेपर्यंत दोरी सरकवितात. भूमितीच्या तासास शिकलेला सिद्धान्त येथें मातीवर उतरतो. वीट लावण्यापूर्वीं ती भिजवितात. कारण कोरडी वीट मसाल्यांतील पाणी शोषून घेते व सिमेंट नीट धरत नाहीं. खालच्या थराचा उभा सांधा वरच्या विटेनें झांकावा लागतो; सांध्यावर सांधा आला तर भिंत तेथेंच दुबळी होते. बांधून झाल्यावर निदान ७ दिवस तीवर पाणी मारावें लागतें. नागपूरच्या उन्हाळ्यांत तर याबाबतींत हयगय मुळींच चालत नाहीं.

बांधणींतील उणीव किती घातक ठरते, हें महाराष्ट्रानें ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे पाहिलें. लातूर जिल्ह्यांतील किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला आणि झोपेंत असलेलीं हजारों माणसें स्वतःच्याच घरांखालीं गाडलीं गेलीं. भिंती जाड दगडी होत्या. परंतु दगड मातींत बसविलेले, भिंतीच्या आंतल्या व बाहेरच्या अंगांस सांधणारे आडवे लांब दगड बहुधा नसत, आणि माथ्यावर मातीच्या धाब्याचें मोठें ओझें. धक्क्यासरशीं भिंती फुटल्या व छप्पर खालीं आलें. पुढील पुनर्वसनाच्या काळांत गवंड्यांस भूकंपांत टिकणारें बांधकाम शिकविण्यांत आलें. गवंड्याच्या ज्ञानावर घरांतील माणसांचा जीव अवलंबून असतो, हाच यांतील धडा होय.

हातांच्या कामांतून शिक्षण ही कल्पना आमच्या प्रांतास नवी नाहीं. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजीं शेजारच्या वर्ध्यास महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षण परिषद भरली, आणि हस्तोद्योग हा शिक्षणाचा पाया असावा असा विचार तेथें मांडला गेला. त्याच वर्ध्यांत देवेंद्रकुमार यांनीं १९७६ सालीं ‘सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस’ ही संस्था काढली. एकांत एक बसणाऱ्या निमुळत्या पोकळ कौलांच्या कमानी रचून घर झांकण्याची रीत या संस्थेनें पुढें आणली. कुंभारानें कौलें घडवावीं, गवंड्यानें तीं रचावीं. लोखंड व लांकूड यांचा खर्च वांचतो, आणि पैसा गांवांतच राहतो.

आतां आपल्याकडे असा वर्ग काढावयाचा तर काय हवें? पहिली गोष्ट म्हणजे अनुभवी गवंडी गुरुजी म्हणून हवा. पदवी नसली तरी चालेल, हात बसलेला पाहिजे. दुसरी गोष्ट, फळ्यापेक्षां विटा अधिक हव्यात. सरावाच्या भिंती मातीच्या गाऱ्यांत बांधाव्या, म्हणजे त्या उतरून त्याच विटा पुन्हां वापरतां येतात. नंतर विद्यार्थ्यांनीं एखादें खरें कुंपण किंवा ओटा बांधावा. तिसरी गोष्ट, शिकण्याच्या काळांत कांहीं विद्यावेतन अवश्य असावें. कारण ज्याच्या घरची चूल रोजच्या मजुरीवर पेटते, तो फुकट शिकावयास येऊं शकत नाहीं. चौथी गोष्ट, परांची नीट बांधणें व डोक्यावर शिरस्त्राण घालणें हें पहिल्याच दिवशीं शिकवावें. शेवटीं, ठेकेदारांशीं आधींच बोलणें करून ठेवावें, म्हणजे शिकलेला मुलगा परत ठिय्यावर बिगारी म्हणून उभा राहणार नाहीं. उमेदवारीसाठीं १९६१ सालचा कायदा आहेच. आणि देशांतील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत आठवी उत्तीर्ण झालेल्यांसाठीं गवंडीकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रमही आखलेला आहे.

काम नाहीं असें म्हणण्याचा हा काळ नव्हे. नागपुरांत २०१९ सालीं मेट्रो धांवूं लागली, आणि मुंबईस जाणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धि महामार्ग ५ जून २०२५ रोजीं पूर्ण खुला झाला. उणीव आहे ती शिकलेल्या हातांची.

पालकांस एकच विनंती आहे. ‘अभ्यास जमत नाहीं, तर जा विटा वाहायला,’ असें मुलास रागाच्या भरांतही म्हणूं नये. त्यानें मुलाचें मन दुखतें, आणि ज्यानें आपलें घर उभें केलें त्याचाही अपमान होतो. ओळंबा कोणाचें घराणें किंवा परीक्षेंतील गुण विचारीत नाहीं. तो फक्त भिंत पाहतो. ज्या मुलाची भिंत त्या कसोटीस उतरली, तो शिकलेलाच म्हणावयाचा.