कारखान्यातून परीक्षागृहाकडे

कोलकात्याच्या गोखले मार्गावर ‘इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स (इंडिया)’ या संस्थेचे मुख्यालय आहे. मार्गाचे नाव मराठी वाचकाला ओळखीचे वाटेल. कोलकाता देशाची राजधानी असताना, १९११ साली, गोपाळ कृष्ण गोखले यांनी तेथील मध्यवर्ती कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले होते. ते संमत झाले नाही. मुलांनी शाळेच्या वयात शिकावे हा त्या विधेयकाचा आग्रह होता. गोखले मार्गावरील या संस्थेने मात्र ज्यांचे शिकण्याचे वय उलटून गेले असे समाजाने ठरवून टाकले, अशांसाठीही एक दार उघडले.

संस्थेची स्थापना १९२० साली झाली आणि १९३५ साली तिला राजसनद मिळाली. १९२८ पासून ती घेत आलेली परीक्षा ‘एएमआयई’ या नावाने ओळखली जाते. तिचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन विभाग आहेत. पहिल्यात गणितासारखे पायाभूत विषय, तर दुसऱ्यात निवडलेल्या शाखेचे विषय येतात. नोकरी सांभाळून, स्वतःच अभ्यास करून परीक्षेस बसता येते, हे तिचे वैशिष्ट्य. लिलुआ किंवा कांचरापाडा येथील रेल्वे कार्यशाळेत पदविकेच्या बळावर कामाला लागलेल्या, संसाराचा भार असलेल्या माणसाने चार वर्षे पगार सोडून महाविद्यालयात बसावे कसे? त्याच्यापुढे हाच मार्ग उरत असे. मार्ग उघडा होता, पण सोपा नव्हता. तो पार करण्यास अनेकांना पदवी अभ्यासक्रमाहून अधिक वर्षे लागली, तर कित्येकांनी तो अर्ध्यावर सोडला.

प्रौढ विद्यार्थी कोऱ्या पाटीने येत नाही. साधे उदाहरण घेऊ. पाच सेंटिमीटर जाड आणि वीस सेंटिमीटर रुंद अशी लाकडी फळी दोन टेकूंवर आडवी ठेवली व मध्ये वजन टाकले, तर ती वाकते. तीच फळी कडेवर उभी ठेवली, तर त्याच वजनाने जेमतेम हलते. हे कोणत्याही सुताराला किंवा गवंड्याला ठाऊक असते. छपराचे वासे तो उभेच बसवतो. अभियांत्रिकीचे पुस्तक सांगते की, फळीचा ताठपणा तिच्या रुंदीच्या सम प्रमाणात वाढतो, उंचीच्या मात्र घनाच्या प्रमाणात. हिशेब करून पाहावा. आडव्या फळीसाठी वीस गुणिले पाचचा घन, म्हणजे २,५००. उभ्या फळीसाठी पाच गुणिले वीसचा घन, म्हणजे ४०,०००. उभी फळी सोळा पट ताठ ठरते. अठरा वर्षांच्या मुलाला हे सूत्र पाठ करावे लागते. वीस वर्षे हत्यार चालवलेल्या माणसाला ते वाचताच आपल्या हातांना पूर्वीच कळलेली गोष्ट कागदावर भेटते. हे भांडवल लहान नव्हे.

परंतु हा घन आला कोठून, असा प्रश्न परीक्षेत विचारला जातो आणि त्याचे उत्तर हात देत नाहीत. त्यासाठी समाकलन लागते. समाकलनासाठी बीजगणित हवे आणि बीजगणितात अपूर्णांक व ऋण चिन्हे यांवर हुकमत हवी. प्रौढ विद्यार्थी बहुधा अडखळतो तो येथेच. कठीण कल्पना त्याला समजते, पण कंस सोडवताना चिन्ह चुकते आणि पानभर उदाहरण वाया जाते. मग ‘आता या वयात डोके चालत नाही’ असा निष्कर्ष तो काढतो. तो बहुतेक वेळा खोटा असतो. सराव तुटलेला असतो, एवढेच. म्हणून नाव नोंदवण्यापूर्वी काही महिने आठवी-नववीच्या गणिताला द्यावेत. त्यानंतर त्रिकोणमिती व लॉगरिदम आणि मगच कलनशास्त्र. मुलाच्या वयाच्या विद्यार्थ्यांची पुस्तके उघडताना संकोच वाटतो, हे खरे. कॉलेज स्ट्रीटवरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात मात्र कोणी कोणाचे वय विचारत नाही.

वाचून समजणे आणि लिहून सोडवता येणे यांत मोठे अंतर आहे. कामावरून थकून आलेला माणूस रात्री वाचत बसतो, पुस्तकातील सोडवलेले उदाहरण त्याला पटते आणि अभ्यास झाला असे वाटते. पुस्तक मिटून तेच उदाहरण कोऱ्या कागदावर मांडले, म्हणजे खरी स्थिती कळते. रोजचा पाऊण तास असा लिहिण्यात गेला, तर तो रविवारच्या सलग सहा तासांहून फलदायी ठरतो. घरच्यांनाही त्या पाऊण तासाची सवय होते. रविवार मात्र त्यांच्याकडून हिरावून घेतल्यासारखा होतो.

एका गोष्टीची चौकशी मात्र अभ्यासाच्याही आधी करावी. व्हिक्टोरिया मेमोरियल ज्यांच्या कंपनीने बांधले, त्या सर राजेंद्रनाथ मुखर्जी यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण अर्धवट सोडले होते. त्या काळी ते चालून गेले. आज सरकारी पदासाठी कागद लागतो आणि तो कागद मान्यताप्राप्त असावा लागतो. ‘एएमआयई’ला केंद्र सरकारच्या नोकऱ्यांसाठी पदवीशी असलेली समकक्षता ३१ मे २०१३ पर्यंत नोंदणी केलेल्यांपुरतीच मर्यादित करण्यात आली. त्यानंतर नाव घालणाऱ्याला ज्ञान तेच मिळते, पण त्या नोकऱ्यांसाठी तो हक्क मिळत नाही. ज्याला बढतीसाठीच पदवी हवी आहे, त्याच्या दृष्टीने हा फरक आयुष्यातील सात-आठ वर्षांचा आहे. अशाने दुसऱ्या वाटाही पाहाव्यात. पदविकाधारकांना पश्चिम बंगालमध्ये स्वतंत्र परीक्षा देऊन पदवीच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो. नोकरदारांसाठी सोयीच्या वेळी वर्ग भरवण्याची मुभाही अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने महाविद्यालयांना दिली आहे. शुल्क भरण्यापूर्वी आपल्या कार्यालयाच्या आस्थापना विभागाला पत्र लिहून, ही अर्हता बढतीसाठी ग्राह्य धरली जाईल काय, असे विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे.