आधी फ्रीजर, मग पुडी

अगं, तुझ्या मोती कुत्र्यासाठी प्रोबायोटिक कुठलं घ्यायचं ते मागाहून सांगते. आधी तुझं पार्सल कुठे पडून असतं ते बघ. डिलिव्हरीवाला भर दुपारी येतो, इमारतीचा रखवालदार हारिस ते खाली पायऱ्यांजवळ ठेवतो आणि तू संध्याकाळी सहाला ऑफिसातून आलीस की उचलतेस. इथे कुवेतमध्येच मित्रीबाला 21 जुलै 2016 रोजी 53.9 अंश नोंदले गेले. आशियातलं सर्वोच्च तापमान म्हणून जागतिक हवामान संघटनेने तो आकडा मान्य केला आहे. तुमच्या मंगाफमध्ये एवढं तापत नसेल, पण बंद व्हॅनच्या आत काय होत असेल? पुडीतले जिवाणू जिवंत असले तरच त्यांचा उपयोग. उष्णता आणि ओल लागली की ते मरतात, आणि पुडी बाहेरून होती तशीच दिसते. म्हणून उन्हाळ्यात ऑनलाइन मागवू नकोस. पुडी डॉक्टरांच्या दवाखान्यातून घे, तीसुद्धा तिथे कुठे ठेवतात हे विचारून. येताना गाडीच्या डॅशबोर्डवर टाकून जमियाच्या दुकानात भाजीला शिरू नकोस. आधी घरी जा, भाजी नंतर.

मागवावंच लागलं तर जिवाणूचं नाव ‘बॅसिलस’पासून सुरू होणारं बघ. हे जिवाणू बीजाणूच्या रूपात असतात, त्यामुळे लॅक्टोबॅसिलसपेक्षा उष्णता बरीच जास्त सोसतात. डब्यावर दोन गोष्टी वाचायच्या. जिवाणूचं पूर्ण नाव, शेवटी अक्षर-आकडा असलेलं. आणि जिवाणूंची संख्या मुदत संपेपर्यंतची लिहिली आहे की नुसती कारखान्यातून निघतानाची. फोर्टिफ्लोरा या प्रोबायोटिकच्या पुडीवर एंटेरोकॉकस फीशियम एसएफ68 असं असतं, एका ग्रॅममध्ये 10 कोटी. ‘नैसर्गिक मित्र-जिवाणूंचं मिश्रण’ एवढंच छापलेलं असेल तर ठेव परत. 2011 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी जनावरांसाठीची 25 उत्पादनं तपासली होती. लेबलही नीट आणि आत जिवाणूही सांगितल्याइतके, अशी दोनच निघाली.

आता मुद्द्याचं. तुला वाटतं, कच्चं मांस देतोय म्हणून प्रोबायोटिक द्यावं, म्हणजे मांसातले वाईट जंतू मरतील. नाही मरत गं. पुडी मांस निर्जंतुक करत नाही. सालमोनेला, कॅम्पिलोबॅक्टर, लिस्टेरिया हे कच्च्या मांसातून येतात आणि कुत्र्याला बहुतेकदा ढिम्म काही होत नाही. त्याच्या पोटातलं आम्ल तीव्र असतं, तो खेळतो, उड्या मारतो. पण त्याच्या विष्ठेतून ते जंतू बाहेर पडत राहतात, जिभेलाही लागलेले असतात, आणि त्याच जिभेने तो तुझं तोंड चाटतो. अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या संघटनेने 2012 मध्ये कच्च्या आहाराविरुद्ध सल्ला दिला तो याच कारणाने. दुसऱ्या बाजूला ऑस्ट्रेलियाचे पशुवैद्य इयान बिलिंगहर्स्ट. त्यांनी 1993 मध्ये पुस्तक लिहिलं आणि जगभर ही टूम निघाली. मी कुणाची बाजू घेत नाही. एवढंच म्हणते, की घरात पाच वर्षांच्या आतलं मूल असेल, कुणाला दिवस गेलेले असतील किंवा सत्तरीच्या सासूबाई राहायला येणार असतील, तर तेवढा काळ मोतीचं मांस शिजवून घाल. हाडं मात्र शिजवून कधीच द्यायची नाहीत. शिजलेल्या हाडाचे टोकदार तुकडे होतात आणि आतडं फाडतात.

तुमच्याकडे सोमवार-गुरुवार कडक, आणि कुत्र्याच्या ताटलीत रोज कच्चं मटण! मला हसूच येतं. पण त्या सोवळ्याचा इथे फायदा करून घे. मोतीची सुरी वेगळी, पाट वेगळा, फ्रीजमधला खालचा कप्पा त्याचा. मांस रात्री फ्रीजमध्येच सुटू दे, ओट्यावर नाही. ताटली पंधरा मिनिटांत उचल, उरलं तर टाकून दे. मन मोडतं, ठाऊक आहे, दिनार मोजलेले असतात. गोठवल्याने सालमोनेला मरत नाही, नुसता झोपतो. 2024 च्या जूनमध्ये इथे ठरवून वीज बंद ठेवण्याची वेळ आली होती, आठवतं? तसं पुन्हा झालं आणि मांस सुटून मऊ, कोमट झालेलं दिसलं, तर ते परत गोठवायचं नाही. फ्रीजरमध्ये बर्फाच्या एका वाटीवर नाणं ठेव. नाणं बर्फात खाली गेलेलं दिसलं की समजायचं, तू घरात नसताना सगळं वितळून पुन्हा जमलं आहे.

बकरी ईदला शेजारून प्रेमाने पिशवी येते. मांस ठीक आहे. पण काळीज आणि फुप्फुस नीट उलटंपालटं करून बघ. आत पाण्याने भरलेल्या पांढुरक्या, जाड कातडीच्या गाठी दिसल्या तर हात लावू नकोस. त्या हायडॅटिडच्या असतात. मेंढीच्या काळजातली ती गाठ कुत्र्याने कच्ची खाल्ली की त्याच्या आतड्यात बारीक फीतकृमी होतात. त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर येतात, कुत्र्याच्या केसांना चिकटतात, तिथून तुझ्या हाताला आणि पोटात. मग तशाच गाठी माणसाच्या यकृतात, फुप्फुसात, आणि त्या वाढत राहतात वर्षानुवर्षं. आखाती भागातल्या डॉक्टरांना हा आजार नवा नाही. ही गोष्ट मला सालमियातल्या आमच्या जुन्या शेजारीणबाईंनी सांगितली. वाळवंटातून उचलून आणलेली कुत्री त्यांनी आयुष्यभर सांभाळली, आणि पुड्यांच्या जाहिराती आल्या तरी त्या आधी काळीज चिरून बघायच्या. कृमींवर कुठलंच प्रोबायोटिक चालत नाही, तिथे प्राझिक्वांटेलच लागतं. अवयव द्यायचेच तर उणे 18 अंशांवर आठवडाभर पक्के गोठवून मगच द्यायचे. आणि कच्चे अवयव खाणाऱ्या कुत्र्याला युरोपातले पशुवैद्य दर सहा आठवड्यांनी जंताचं औषध द्यायला सांगतात. मोतीचं वजन करून डॉक्टरांना विचार आणि तारखा कॅलेंडरवर लिही.

मग पुडी द्यायची कधी? मोतीची शी लहान, घट्ट, फारसा वास नसलेली असेल तर देऊच नकोस. कच्च्या मांसावरच्या निरोगी कुत्र्याची शी अशीच असते. ती पांढरट होऊन खडूसारखी भुगा व्हायला लागली, तर हाडं जास्त होताहेत, कोंबडीच्या माना कमी कर. तिथे पुडीचं काही काम नाही. काम आहे ते आहार बदलताना, प्रवासात, अँटिबायोटिक चालू असताना, किंवा पातळ होतंय पण कुत्रा हसतखेळत आहे तेव्हा. आहार सात ते दहा दिवसांत हळूहळू बदलायचा, आणि पुडी त्याच दिवशी सुरू करायची नाही. दोन्ही एकदम केलंस तर बिघडलं कशाने आणि सुधारलं कशाने, काही कळणार नाही. आधी चार दिवस नुसती पुडी दे, मग मांस बदल. महिनाभर देऊनही काही फरक नसेल तर बंद कर. आयुष्यभर खायचं टॉनिक नाही ते.

द्यायची पद्धत सोपी आहे. चमचाभर गार पाण्यात कालव आणि मांस ताटलीत वाढल्यावर वरून घाल. गरम हाडांच्या पाण्यात घालू नकोस. उकळत्या दुधात विरजण घालशील का? मांसाबरोबर चमचाभर वाफवलेला लाल भोपळाही चालतो. नुसत्या मांसात तंतू जवळजवळ नसतात, आणि या जिवाणूंना खायला काहीतरी लागतंच.

दह्याबद्दल तू विचारशीलच. घरचं ताजं साधं दही चमचाभर दे, मोतीला सोसत असेल तर. त्यात जिवाणू असतात, पण कोणते आणि किती याचा भरवसा नाही, तेव्हा औषध म्हणून धरू नकोस. कांदा घातलेल्या कोशिंबिरीचा थेंबही नको, कांदा कुत्र्याला विषारी. बकाल्यातलं, म्हणजे किराणा दुकानातलं, ‘शुगर-फ्री’ फळांचं योगर्टही नको. त्यात झायलिटॉल असलं तर कुत्र्याची साखर धाडकन उतरते आणि यकृत जातं.

अँटिबायोटिक आणि पुडी यांत दोन तासांचं अंतर ठेव, नाहीतर औषध त्या जिवाणूंनाच मारतं. सॅकॅरोमायसिस बुलार्डी हे यीस्ट आहे, त्याला अँटिबायोटिक बाधत नाही. डॉक्टरांनी ते लिहून दिलं तर वेळेची कटकट कमी. पण मोती स्टिरॉइडवर असेल किंवा फार अशक्त असेल, तर जिवंत जंतूंची कुठलीही पुडी विचारल्याशिवाय द्यायची नाही. शीमध्ये रक्त दिसलं, उलट्या थांबेनात, हिरड्या चिकट-कोरड्या झाल्या, मानेची कातडी चिमटीत उचलून सोडल्यावर उभीच राहिली, तर पुडी शोधत बसू नकोस, गाडी काढ. इथल्या उन्हाळ्यात पाणी आटायला फार वेळ लागत नाही, पिल्लाला तर मुळीच नाही.

जुलैत तुम्ही मुंबईला जाल तेव्हा मोती बोर्डिंगमध्ये राहील. जागा बदलली की पोट बिघडतं, म्हणून निघण्याच्या चार दिवस आधी पुडी सुरू कर आणि परतल्यावर आठवडाभर चालू ठेव. बोर्डिंगवाले कच्चं मांस ठेवतात का, ते आधीच विचार. ठेवत नसतील तर पंधरा दिवस आधीपासून शिजवलेल्याची सवय लाव. पुड्या झिपच्या पिशवीत घालून त्यांच्या फ्रीजमध्ये ठेवायला सांग, आणि वर अरबी-इंग्रजीत मोठ्या अक्षरात लिही: गार पाण्यात, दिवसातून एकदा. दिवस मोजून तेवढ्याच देऊ नकोस, दोन-तीन जास्त दे, तिथे एखादी सांडतेच.