मधपेटीची पाहणी आणि विस्तार

प्रास्ताविक

पूर्वी रानातील मध काढताना पोळ्याखाली धूर-जाळ करीत आणि अंडी-अळ्यांसह सारे पोळे पिळून घेत. मध हाती येई. पण माश्यांचा संसार मोडे. १८५१ साली अमेरिकेतील लँगस्ट्रॉथ यांच्या ध्यानात आले, की सुमारे ९ मिलिमीटर रुंदीची फट माश्या बुजवीत नाहीत. ये-जा करण्यासाठी ती मोकळी ठेवतात. एवढे अंतर राखून पेटीत लाकडी चौकटी टांगल्या, तर पोळे न मोडता बाहेर काढून पाहता येते. आजच्या मधपेटीचा पाया हाच आहे.

पाहणी कशी करावी?

परसात पाळण्याजोगी आपली देशी माशी म्हणजे सातेरी. ती स्वभावाने बरीच शांत असते. परंतु उपासमार झाली किंवा वारंवार त्रास झाला, तर सारे कुटुंब पेटी सोडून निघून जाते. म्हणून पाहणी आवश्यक असली तरी ती थोडक्यात उरकावी लागते.

ऊन पडलेली, वारा नसलेली सकाळ निवडावी. तोंडावर जाळीचा बुरखा घ्यावा. पेटीच्या दाराशी थोडा धूर द्यावा आणि दारासमोर न थांबता बाजूला उभे राहावे. कडेची चौकट प्रथम सरळ वर उचलावी. चौकट पेटीवरच धरावी, म्हणजे राणी माशी चुकून गवतात पडत नाही. चौकटींचा क्रम बदलू नये.

नवशिक्याची नजर मधाकडे जाते, जाणकाराची अंड्यांकडे. अंडे ३ दिवसांत उबते. त्यामुळे घराच्या तळाशी पांढरे, बारीक अंडे दिसले, की राणी दिसली नाही तरी ती ३ दिवसांपूर्वीपर्यंत पेटीत होती, हे निश्चित होते.

विस्तार केव्हा करावा?

जवळजवळ सर्व चौकटी माश्यांनी झाकल्या गेल्या, म्हणजे मेणपत्रा लावलेली एक नवी चौकट अंड्या-अळ्यांच्या चौकटींलगत द्यावी. खालचा कक्ष भरला आणि फुलोरा सुरू झाला, की वर मधकोठी चढवावी. महाबळेश्वर परिसरात जांभळाचा बहर ही अशी संधी असते. जागा फार लवकर वाढवली, तर राखण नसलेल्या पोळ्यात मेणकिडा शिरतो. उशीर झाला, तर पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगेसारखी लोंबणारी राणीघरे दिसू लागतात. कुटुंब फुटण्याची ती पूर्वसूचना होय.

अशा वेळी जुनी राणी, पिलाव्याच्या काही चौकटी आणि त्यांवरील माश्या नव्या पेटीत ठेवाव्यात. वयस्क माश्या जुन्या जागी परततात. म्हणून नव्या पेटीत कोवळ्या माश्या भरपूर घ्याव्यात. जुन्या पेटीत एक चांगले राणीघर राखावे. नवी राणी बाहेर येऊन, मीलन होऊन अंडी घालू लागेपर्यंत ती पेटी उघडण्याचा मोह टाळावा.

मध फक्त मधकोठीतूनच काढावा. खालच्या कक्षातील मध ही माश्यांची पावसाळ्याची शिदोरी असते. ती अपुरी पडल्यास सायंकाळी पेटीच्या आत साखरेचा पाक ठेवावा.

पेटीचा मालक माणूस असला, तरी तिच्या वाढीचे वेळापत्रक माश्याच ठरवतात. ते वाचण्यास शिकणे हाच मधपालनाचा पहिला धडा होय.

शब्दार्थ

पिलावा – अंडी, अळ्या व कोष
मेणपत्रा – पोळे बांधण्यासाठी आधार देणारा मेणाचा पातळ पत्रा
शिदोरी – बरोबर बांधून नेलेले अन्न. येथे, अन्नाचा साठा

स्वाध्याय

१. राणी न दिसताही तिच्या अस्तित्वाची खात्री कशी होते?
२. मधकोठी लवकर वा उशिरा दिल्यास काय परिणाम होतात?
३. 'जाणकाराची नजर अंड्यांकडे जाते' या विधानाचा आशय तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.