मुंबई बेटाचे पहारेकरी

आज मुंबईत हिंडणाऱ्यास आपण बेटावर आहोत याची आठवणही होत नाही. तीनशे वर्षांपूर्वी मात्र तेथे सात लहान बेटे होती आणि भरतीच्या वेळी त्यांच्यामधील सखल भागात समुद्राचे पाणी शिरत असे. पेण तालुक्यात गडबच्या बाजूला असलेली धरमतरची खाडी मुंबईच्या बंदरातच उघडते. तिकडून निघालेले गलबत रात्रीच्या अंधारात बेटाच्या कोणत्याही किनाऱ्यास लागू शके. मग त्यात भात भरलेले असो, की हत्यारबंद माणसे!

१६६८ साली ही बेटे ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती आली. पुढच्याच वर्षी गव्हर्नर झालेल्या जेराल्ड ऑन्जियरपाशी गोरे शिपाई थोडे होते. म्हणून बेटाचे रक्षण बेटकऱ्यांनीच करावे, असे त्याने ठरविले. जमीनदारांनी आपापल्या जमिनीच्या मानाने माणसे द्यावयाची होती. त्यांत भंडाऱ्यांचा भरणा मोठा होता. माडावर सरसर चढून माडी काढणारे हे लोक अंगाने काटक. बहुतेकांच्या हाती नुसते सोटे असत. मुंबईच्या पोलिसांचा इतिहास या भंडारी पलटणीपासून सुरू होतो.

जंजिऱ्याच्या सिद्दीने १६८९ मध्ये मुंबईवर स्वारी करून माहीम, माझगाव घेतले, तेव्हा बेटकऱ्यांचे फार हाल झाले. तो गेल्यावरही रात्री दहा-बारा जणांच्या टोळ्या हिंडू लागल्या. तेव्हा १६९४ साली वरळी, माहीम, शीव आणि शिवडी येथे चार सुभेदार नेमण्यात आले. प्रत्येकाने वीस माणसे घेऊन रोज रात्री गस्त घालावी, असा हुकूम होता. किती साधी व्यवस्था ही!

शहर वाढले, तशी ही व्यवस्था अपुरी पडली. १७७९ मध्ये जेम्स टॉड याला पोलिसांचा लेफ्टनंट नेमले. पण चोर धरावयाचे ज्याचे काम, त्याच्यावरच लाच खाल्ल्याचा खटला झाला आणि १७९० साली त्याला काढून टाकावे लागले. पहारेकऱ्यावर पहारा कोणी ठेवावा? कंपनीने पद बदलले. १७९३ पासून सुपरिंटेंडेंट आला. पद बदलल्याने माणूस बदलतोच असे नाही. पुढेही असे प्रकार घडले.

१८५७ साली चार्ल्स फोर्जेट हा अधिकारी होता. तो येथील भाषा उत्तम बोले आणि वेष पालटून वस्त्यांतून फिरे. देशी शिपायांची गुप्त मसलत त्याने लपून ऐकली. त्याच वर्षी ऑक्टोबरात दोघा शिपायांना मैदानावर तोफेच्या तोंडी देण्यात आले. फोर्जेटच्या हुशारीचे सरकारने कौतुक केले. मात्र ज्या दलाने रयतेस चोरांपासून राखावयाचे, ते आता परक्या राज्यास रयतेपासून राखीत होते.

१८६४ मध्ये फ्रँक सूटर हा पहिला पोलीस कमिशनर झाला. क्रॉफर्ड मार्केटसमोरील दगडी कचेरी १८९६ सालची. तिच्यात बसून शहराच्या पोलिसांना हुकूम देणारा पहिला भारतीय कमिशनर, जे. एस. भरूचा, १५ ऑगस्ट १९४७ रोजी त्या खुर्चीवर आला. गस्तीवरचा शिपाई मात्र भंडाऱ्यांच्या काळापासून येथलाच होता.