पाण्याच्या वाटेने

(आपल्या जवळचा प्रदेश आपल्याला पुष्कळदा नीट ठाऊक नसतो. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील काही प्रेक्षणीय ठिकाणांची ओळख या पाठात करून दिली आहे. प्रवास कसा करावा याविषयीही लेखकाने आपले विचार मांडले आहेत.)

युरोप खंडाच्या उत्तरेला नॉर्वे नावाचा देश आहे. तेथे हजारो वर्षे हिमनद्यांनी डोंगर कोरले. बर्फ वितळल्यावर त्या खोल दऱ्यांत समुद्राचे पाणी शिरले. अशा दरीला फिओर्ड म्हणतात. दोन्ही बाजूंना उंच कडे आणि मध्ये शांत, निळे पाणी! नॉर्वेचा सर्वांत लांब फिओर्ड २०० किलोमीटरपेक्षा जास्त लांब आहे. तो पाहायला जगभरातून प्रवासी येतात.

विद्यार्थी मित्रांनो, अशी दृश्ये पाहायला आपण लगेच नॉर्वेला जाऊ शकत नाही. पण सातारा जिल्ह्यात तर जाऊ शकतो! डोंगरांच्या कुशीत दूरवर शिरलेले पाणी तेथेही आहे. चला, त्या पाण्याच्या वाटेने जाऊ या.

महाबळेश्वर हे थंड हवेचे ठिकाण तुम्हांला माहीत असेल. कृष्णा आणि कोयना या दोन्ही नद्यांचा उगम तेथेच होतो. पण उगमानंतर दोघी वेगवेगळ्या वाटा धरतात. कृष्णा वाईकडे जाते. कोयना घनदाट जंगलातून दक्षिणेकडे धावते.

साताऱ्याहून पश्चिमेला सुमारे २५ किलोमीटरवर कासचे पठार आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे १२०० मीटर आहे. उन्हाळ्यात पाहिले तर येथे काळपट, तांबूस जांभा खडक दिसतो. मग पाऊस येतो आणि ऑगस्टच्या अखेरीस खडकावर जणू गालिचा पसरतो. गुलाबी तेरडा, पिवळी सोनकी, निळी सीतेची आसवे! वायतुरा नावाचे एक तुरेदार फूलही येथे फुलते. शास्त्रज्ञांनी त्याला दिलेल्या नावात 'सातारा' हा शब्द आहे. टोपली कारवी तर सात वर्षांतून एकदाच फुलते. किडे खाऊन जगणाऱ्या वनस्पतीही येथे आहेत. येथे फुलझाडांच्या ८५० हून अधिक जाती आढळतात. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यात कासचा समावेश आहे.

पण हा गालिचा फार नाजूक आहे. खडकावर मातीचा थर अगदी पातळ असतो. त्या थरातच पुढच्या वर्षीचे बी आणि कंद असतात. फोटो काढण्यासाठी कोणी फुलांत जाऊन बसले, की झाडे चिरडतात आणि माती दबते. एका माणसाने काय बिघडते, असे प्रत्येकाला वाटते; पण माणसे हजारो येतात. म्हणून आता येथे दररोज ठरावीक संख्येनेच प्रवाशांना सोडतात आणि त्यासाठी शुल्क घेतात. कास, एकीव, आटाळी, कासाणी या गावांतील लोक वन विभागाबरोबर ही व्यवस्था पाहतात. त्यामुळे गावातील तरुणांना काम मिळते आणि पठाराची राखणही होते.

कासच्या पुढे रस्ता उतरत उतरत बामणोलीला जातो. येथे उभे राहिले, की फिओर्डची आठवण होते. हिरव्या डोंगरांच्या मध्ये लांबच लांब पाणी दिसते. हा कोयना धरणाचा शिवसागर जलाशय. त्याची लांबी सुमारे ५० किलोमीटर आहे. बामणोलीहून आणि तापोळ्याहून लाँच सुटतात. प्रवासी हौसेने लाँचमध्ये बसतात. पण पलीकडच्या गावांतील लोकांना बाजाराला किंवा दवाखान्यात जाण्यासाठीही लाँचचा आधार असतो. वासोटा किल्ल्यावर जायचे तर आधी लाँचने जावे लागते आणि मग जंगलातून चढावे लागते. हे जंगल सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येते. म्हणून वन विभागाची परवानगी घ्यावी लागते.

नॉर्वेचे फिओर्ड बर्फाने घडवले, शिवसागर मात्र माणसांनी घडवला. कोयना धरण १९६४ साली पूर्ण झाले. धरणाचे पाणी डोंगराच्या पोटातील बोगद्यांतून पश्चिमेकडे नेतात आणि त्यावर वीज तयार करतात. हा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जलविद्युत प्रकल्प आहे. आपल्या घरात दिवा लागतो, कारखान्यात यंत्र फिरते, त्यात कोयनेचाही वाटा असतो.

आता त्या निळ्या पाण्याच्या तळाचा विचार करा. तेथे एके काळी गावे होती. घरे होती, शेते होती. पाणी चढू लागले तेव्हा लोकांना आपले घरदार सोडावे लागले. काही जण डोंगरात वर सरकले. अनेक कुटुंबे रायगड, ठाणे, सोलापूर अशा दूरच्या जिल्ह्यांत गेली. तेथे त्यांना सारे नवीन होते. हक्काच्या जमिनीसाठी अनेकांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. त्यांनी गाव सोडले म्हणून महाराष्ट्राला प्रकाश मिळाला. शिवसागराचे सौंदर्य पाहताना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

धरणाच्या खाली कोयना पूर्वेकडे वळते आणि कराडला कृष्णेला भेटते. महाबळेश्वरला दूर गेलेल्या दोन बहिणी येथे समोरासमोर येतात. म्हणून या संगमाला 'प्रीतिसंगम' म्हणतात. महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांची समाधी येथे आहे. आदिलशाहीच्या काळात बांधलेल्या मशिदीचे दोन उंच मनोरेही कराडला पाहण्यासारखे आहेत.

कराडहून कृष्णा सांगलीला येते. नदीकाठी पटवर्धन संस्थानिकांनी बांधलेले गणपतीचे देखणे मंदिर आहे. सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. कारण १८४३ साली विष्णुदास भावे यांनी येथे 'सीतास्वयंवर' हे नाटक केले. सांगलीची हळदही प्रसिद्ध आहे. जवळच हरिपूरला कृष्णा आणि वारणा यांचा संगम होतो. तेथे जमिनीत खोल पेवे खणून हळद साठवत असत. २००५ सालच्या महापुरात या पेवांत पाणी शिरले आणि मोठे नुकसान झाले. नदी देते, तशी कधी नेतेही!

सांगलीला लागूनच मिरज आहे. येथे हजरत ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेब यांचा दर्गा आहे. उरुसाला सर्व धर्मांचे लोक येतात. किराणा घराण्याचे थोर गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचा जन्म उत्तर प्रदेशातील कैराना गावचा. पण ते मिरजेत येऊन राहिले. १९३७ साली त्यांचे निधन झाले. त्यांची कबर याच दर्ग्याच्या आवारात आहे. उरुसाच्या वेळी त्यांच्या स्मरणार्थ येथे संगीत सभा होते. मोठमोठे कलावंत येथे आपली कला सादर करतात.

मिरजेची सतार आणि तंबोराही देशभर नावाजलेले आहेत. येथील काही कारागिरांचे पूर्वज शिकलगार होते. ते तलवारी आणि भाले घडवत. एकोणिसाव्या शतकात हत्यारांची मागणी कमी झाली. तेव्हा फरीदसाहेब आणि त्यांच्या घराण्यातील कारागीर वाद्ये बनवू लागले. ज्या हातांनी तलवारीला धार लावली, त्याच हातांनी तारेला सूर लावला! पंढरपूर-मंगळवेढा भागातून मोठे भोपळे आणतात, ते वाळवतात आणि त्यांवर लाकडी दांडी बसवतात. शेवटी जवारी काढतात, म्हणजे घोडी घासून तारेचा आवाज खुलवतात. या कामाला मोजपट्टी नाही. ते कानानेच करावे लागते. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. नवल म्हणजे, नॉर्वेच्या हार्डँगर भागातील एका तंतुवाद्यालाही सतारीसारख्या तरफेच्या तारा असतात. मुख्य तार वाजली, की त्या आपोआप झंकारतात.

मित्रांनो, प्रवास म्हणजे केवळ पाहणे नव्हे. प्रवाशाने पायाखालचे फूल जपावे. पाण्याखाली गेलेल्या गावांची आठवण ठेवावी. कारागिराच्या दुकानात दोन क्षण थांबून त्याचे काम पाहावे. ज्याला हे जमले, त्याला दूरच्या नॉर्वेतही बरेच काही दिसेल. ज्याला हे जमले नाही, तो जगभर फिरला तरी कोराच परत येईल.

शब्दार्थ

निसर्ग – कुदरत
उगम – नदी जेथे सुरू होते ती जागा
पठार – उंचावरची सपाट जमीन
वारसा – विरासत
प्रवासी – मुसाफिर
कारागीर – दस्तकार
पेव – धान्य, हळद साठवण्यासाठी जमिनीत खणलेला खोल खड्डा
शिकलगार – हत्यारांना धार लावणारा

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) फिओर्ड कशाला म्हणतात?
(आ) कृष्णा आणि कोयना यांचा संगम कोठे होतो?
(इ) जवारी काढणे म्हणजे काय?

२. कारणे लिहा.
(अ) कासच्या पठारावर ठरावीक संख्येनेच प्रवाशांना सोडतात.
(आ) सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात.

३. चार-पाच वाक्यांत उत्तर लिहा.
'त्यांनी गाव सोडले म्हणून महाराष्ट्राला प्रकाश मिळाला,' असे लेखकाने का म्हटले आहे?

४. वाक्यांत उपयोग करा.
आठवण होणे, समोरासमोर येणे, नावाजलेले असणे.

५. उपक्रम
तुमच्या गावातील एखाद्या कारागिराला भेटा. त्याच्या कामाची माहिती मराठीत दहा ओळींत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.