मुक्त आज्ञावली आणि परतंत्र साधनें

संगणकाकडून काम करवून घेण्यासाठीं जी सूचनांची मालिका लिहितात तीस आज्ञावली म्हणतात. जी आज्ञावली कोणासही चालवितां, अभ्यासितां, सुधारितां व दुसऱ्यास देतां येते, ती मुक्त आज्ञावली होय. मुक्त म्हणजे फुकट नव्हे, हें प्रथम ध्यानांत ठेवावें. आतां प्रश्न असा कीं, अशी आज्ञावली रचतांना ज्यांचें अंतरंग मालकाखेरीज कोणासही पाहतां येत नाहीं, अशीं साधनें वापरावीं काय?

एक पक्ष म्हणतो, 'काम चांगलें झालें म्हणजे पुरे. खुर्चीवर बसणारा सुताराची करवत कोणाची हें विचारीत नाहीं.' हें म्हणणें वरवर खरें दिसतें. परंतु विकत घेतलेली करवत सुताराचीच होते; परवान्यावर मिळालेलें साधन मात्र मालकाच्या अटींनीं बांधलेलें असतें.

याचें प्रसिद्ध उदाहरण लिनक्सचें. लिनस टॉरवाल्ड्स यांनीं 1991 सालीं आरंभिलेल्या या मुक्त कार्यांत देशोदेशींचे लोक भर घालीत. त्यांच्या फेरफारांची नोंद ठेवण्यासाठीं 2002 सालीं बिटकीपर हें एका कंपनीचें साधन स्वीकारण्यांत आलें. तें विनामूल्य मिळे, परंतु वापरणारानें तसलें दुसरें साधन रचूं नये, अशी अट होती. कित्येकांनीं तेव्हांच हरकत घेतली. काम मात्र झपाट्यानें होऊं लागलें, हेंही नाकारतां येत नाहीं. पुढें 2005 सालीं अँड्र्यू ट्रिजेल यांनीं त्या साधनाशीं संवाद करणारी स्वतंत्र आज्ञावली रचण्याचा उद्योग केला. त्यावरून वाद माजला व कंपनीनें विनामूल्य सवलत काढून घेतली. तेव्हां टॉरवाल्ड्स यांनीं त्याच वर्षाच्या एप्रिलांत गिट हें मुक्त साधन रचण्यास घेतलें. थोड्याच दिवसांत तें स्वतःचीच नोंद ठेवूं लागलें. आज तें जगभर चालतें. 'मग नुकसान तें काय झालें?' असें कोणी विचारील. त्यास उत्तर हेंच कीं, प्रत्येक कार्यास असा कुशल पुरुष ऐन वेळीं लाभेलच असें नाहीं.

तथापि परकें साधन सर्वथा त्याज्य मानणेंही योग्य नव्हे. रिचर्ड स्टॉलमन यांनीं 1983 सालीं ग्नू कार्याची घोषणा केली, तेव्हां पुरी मुक्त प्रणाली अस्तित्वांतच नव्हती. म्हणून युनिक्स या मालकी प्रणालीवरच बसून तिची जागा घेणारीं साधनें एकामागून एक रचावीं लागलीं. शिडी परक्याची होती, पण चढणें स्वतःच्या घरांत होतें.

आपल्या महाराष्ट्रांतही असें घडलें आहे. अमेरिकन मिशनऱ्यांचा छापखाना पाहून मुंबईच्या गणपत कृष्णाजींनीं यंत्र व शाई स्वतः सिद्ध केली आणि 1831 सालीं मराठी पंचांग छापलें. जावजी दादाजी हे त्याच मिशनच्या छापखान्यांत टॉमस ग्रॅहॅम यांच्या हाताखालीं शिकले. पुढें त्यांनीं 1864 सालीं खिळ्यांचा कारखाना व 1869 सालीं निर्णयसागर छापखाना काढला. हें शक्य झालें, कारण तें यंत्र डोळ्यांना दिसत होतें. गुप्त साधनावर काम करणारास काम करतां येतें, पण साधन घडविण्याची विद्या मिळत नाहीं. हीच त्याची खरी हानि होय.

दुसरी हानि आपल्या भाषेनेंही सोसली आहे. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वीं मराठी मजकूर निरनिराळ्या खासगी अक्षरसंचांत सांठविला जाई. तो संच नसलेल्या यंत्रावर तोच मजकूर निरर्थक चिन्हें होऊन दिसे. शब्द आपले, पण ते वाचण्याची किल्ली दुसऱ्याच्या हातीं!

तेव्हां परकें साधन हातीं घेण्यापूर्वीं तीन गोष्टी पाहाव्या. आपलें काम त्यांतून अखंड बाहेर काढतां येईल काय? तें साधन न घेतां देऊळगांव राजाच्या एखाद्या गरीब विद्यार्थ्यास त्या कार्यांत भाग घेतां येईल काय? आणि त्याच्या जागीं मुक्त साधन आणण्याचा यत्न चालू आहे काय? तिन्हींचें उत्तर 'होय' असेल तर तें तात्पुरतें वापरण्यास प्रत्यवाय नाहीं. एकाचेंही 'नाहीं' असेल, तर मुक्त कार्यानें त्यावर विसंबूं नये. विद्यार्थिमित्रहो, परक्याच्या हत्यारानें काम शिकावें. पण स्वतःचें हत्यार घडविण्याची उमेद सोडूं नये.